क्लबचा सीईओ बदलला, तर चाहत्यांना एवढं काय पडलंय?

२० जानेवारी २०२४ ला, शनिवारी, मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबने एक नेमणूक जाहीर केली आणि युनायटेडच्या चाहत्यांमध्ये आनंदीआनंद झाला. नवा स्ट्रायकर आला नव्हता, नवा कोचही नव्हता. आला होता ओमर बेराडा नावाचा सीईओ, आणि तोही थेट मँचेस्टर सिटी या त्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबकडून. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये त्याच क्लबचे चाहते काळे कपडे घालून ओल्ड ट्रॅफर्ड या आपल्याच स्टेडियमवर मोर्चा घेऊन गेले.

रात्री जागून प्रीमियर लीग बघणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना हा सगळा प्रकार कोड्यात टाकतो. कोच बदलला तर समजू शकतो. पण कार्यालयात बसून फायली बघणारा माणूस कोण आहे, यावरून लोकांनी इतकं पेटून का उठावं? आपण ज्या कंपनीचा साबण वापरतो तिचा सीईओ कोण, हे आपल्याला ठाऊकही नसतं.

हा माणूस नेमकं करतो काय?

संघात कोण खेळणार हे कोच ठरवतो. कोणते खेळाडू विकत घ्यायचे, कोण विकायचे, अकादमीतून कोणाला वर आणायचं, हे बघतो स्पोर्टिंग डायरेक्टर. आणि या दोघांना नेमणारा, पैसे किती मिळतील हे सांगणारा, शेवटी सही करणारा तो सीईओ. तिकिटाचा दर, प्रायोजक, स्टेडियमची डागडुजी, लीगबरोबरच्या बैठका, महापालिका, पोलीस, नोकरकपात, सगळं त्याच्या टेबलावरून जातं.

म्हणजे मैदानावर तो दिसत नाही, पण मैदानावर जे दिसतं त्याच्या मागे त्याची सही असते. २०१३ च्या उन्हाळ्यात युनायटेडची सूत्रं एड वुडवर्डकडे आली. एव्हर्टनच्या मरुआन फेलाइनीच्या करारात एक कलम होतं: जुलैअखेरपर्यंत २.३५ कोटी पौंड भरले तर एव्हर्टनला नाही म्हणता येणार नव्हतं. युनायटेडने ती मुदत जाऊ दिली आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजार बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी त्याच खेळाडूसाठी २.७५ कोटी मोजले. एका महिन्याच्या दिरंगाईची किंमत ४० लाख पौंड! त्या उन्हाळ्याची आठवण काढली की आजही युनायटेडवाले कपाळावर हात मारून घेतात.

मालक एक, चालवणारा दुसरा

आपल्याला हे समजायला साखर कारखान्याइतकं सोपं उदाहरण नाही. सहकारी कारखान्यात ऊस उत्पादक हा सभासद असतो. तो संचालक मंडळ निवडतो, मंडळ चेअरमन निवडतं, आणि रोजचा कारभार पगारी कार्यकारी संचालक बघतो. तो चुकला तर सभासद वार्षिक सभेत माइक हिसकावून जाब विचारतो. खासगी कारखान्यात तसं नाही. ऊस घातला, काटा झाला, बिल मिळालं, विषय संपला. तिथला एमडी कोण असावा हे शेतकऱ्याला कोणी विचारत नाही.

स्पेनमधले रिआल माद्रिद आणि बार्सिलोना हे पहिल्या प्रकारचे क्लब. तिथले सदस्य मतदान करून अध्यक्ष निवडतात. जर्मनीत नियमच असा की, मोजके अपवाद सोडले तर क्लबच्या कंपनीत बहुसंख्य मतं सदस्यांच्या संस्थेकडेच हवीत. इंग्लंडमधले बहुतेक मोठे क्लब मात्र दुसऱ्या प्रकारात मोडतात. फरक एवढाच की खासगी कारखान्याने दर दिला नाही तर शेतकरी पुढच्या हंगामात ऊस दुसरीकडे घालतो. फुटबॉलच्या चाहत्याला ती सोय नाही. तिकीट महागलं म्हणून युनायटेडचा माणूस लिव्हरपूलला टाळ्या वाजवायला जात नाही.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना युनायटेड घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता, आणि त्या कर्जाचा बोजा क्लबवरच टाकला गेला. तोवर कर्ज नसलेला क्लब एका रात्रीत कर्जबाजारी झाला. तेव्हापासून व्याज, लाभांश आणि कर्जाशी संबंधित इतर खर्चांवर १ अब्जाहून अधिक पौंड गेले आहेत. खरेदीच्या आधी, कर्ज म्हणजे विनाशाची वाट असं बजावणारे तेव्हाचे सीईओ डेव्हिड गिल नंतर त्याच मालकांच्या हाताखाली २०१३ पर्यंत काम करत राहिले. कोच ॲलेक्स फर्ग्युसन जिंकून देत होते, त्यामुळे बरंच खपून गेलं.

मालक फ्लोरिडात. तो ना स्टेडियमवर दिसतो, ना पत्रकारांशी बोलतो. मग राग काढायला समोर उरतो तो सीईओ. ‘नवा सीईओ कसा वाटतो’ या प्रश्नाचं चाहत्यांनी दिलेलं उत्तर अर्ध्याहून जास्त वेळा मालकाबद्दलचं असतं, हे एकदा लक्षात आलं की बराचसा गोंधळ संपतो.

आधीच्यांनी काय करून ठेवलं होतं

वुडवर्ड मुळात बँकर. ग्लेझरांना क्लब विकत घेताना सल्ला देणाऱ्यांपैकी एक. पुढे त्याने प्रायोजकांची रांग लावली, आणि त्या कामात त्याला तोड नव्हती हे विरोधकही मान्य करतील. पण २०१८ मध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना तो म्हणून गेला की मैदानावरच्या कामगिरीचा क्लबच्या व्यावसायिक कमाईवर फारसा परिणाम होत नाही. हिशेब म्हणून ते चुकीचं नव्हतं. पण पावसात भिजत संघाचा पराभव बघून घरी परतणाऱ्याच्या कानावर ते पडलं, तर तो काय ऐकणार? ‘तुम्ही हरलात तरी आमचं चालतंय.’ तो शिक्का त्याच्यावरून कधी पुसला गेला नाही.

२०२० च्या जानेवारीत काही जणांनी त्याच्या घरावर पेटते फ्लेअर फेकले. हा गुन्हा होता. त्याचं समर्थन कोणत्याही अर्थाने होऊ शकत नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या १२ बड्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली, त्यात युनायटेडही होता. इंग्लंडभर चाहते रस्त्यावर आले, दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली आणि वुडवर्डचा राजीनामा जाहीर झाला.

त्याच्या जागी रिचर्ड अर्नोल्ड आला. त्याचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. जून २०२२ मध्ये काही चाहते त्याच्या घरासमोर निदर्शनं करायच्या तयारीने गावातल्या पबमध्ये जमले होते. हे कळल्यावर अर्नोल्ड स्वतःच पबमध्ये गेला, त्यांना बिअर पाजली आणि खेळाडूंवर किती पैसा वाया गेला हे मोकळेपणाने बोलला. कोणीतरी ते चोरून चित्रित केलं आणि ती क्लिप जगभर फिरली. गंमत म्हणजे त्या क्लिपने त्याची प्रतिमा बिघडली नाही, उलट थोडी सुधारलीच. निदान हा माणूस समोर येऊन बोलतो तरी, असं लोकांना वाटलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तोही गेला, कारण क्लबमध्ये जिम रॅटक्लिफ येत होते.

शेजारच्या घरातून आणलेला माणूस

रॅटक्लिफ हे इनिऑस या रसायन कंपनीचे मालक. २०२३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी युनायटेडचा पाव हिस्सा घेण्याचा करार केला आणि फुटबॉलचा कारभार हातात घेतला. त्यानंतर महिनाभरातच बेराडाचं नाव आलं. आधी बार्सिलोना, मग २०११ पासून सिटी, आणि शेवटी सिटीच्या मालकसमूहाच्या सगळ्या क्लबांचा फुटबॉल कारभार, असा त्याचा प्रवास. स्ट्रायकर अर्लिंग हालांडला सिटीत आणण्यात त्याचा हात होता असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं.

युनायटेडवाले खूश झाले ते दोन कारणांनी. दहा वर्षांनी पहिल्यांदा फुटबॉलचा कारभार कळणारा माणूस वर बसणार होता, आणि तो शत्रूच्या घरातून उचलून आणला होता. दुसऱ्या कारणाला कारभाराच्या दृष्टीने काही किंमत नाही, पण मनाला फार गोड लागतं. सिटीने दशकभर नाकावर टिच्चून जिंकल्यानंतर एकदा तरी त्यांचं काहीतरी पळवलं!

असं पळवापळवीचं हे पहिलं उदाहरण नव्हे. २००३ मध्ये रोमन अब्रामोविचने चेल्सी घेतल्यावर काही महिन्यांत युनायटेडचा सीईओ पीटर केनियन तिकडे गेला होता. २०२५ मध्ये तर टॉटनहॅमने विनय व्यंकटेशम यांना सीईओ केलं. ते आदल्या वर्षापर्यंत आर्सेनलचे सीईओ होते. उत्तर लंडनमध्ये या दोन क्लबांमधून विस्तव जात नाही. तरी, आर्सेनलचा असला तर असू दे, काम येतं ना, असा विचार करणारे टॉटनहॅमवाले कमी नव्हते. खेळाडू शत्रूकडून आला की त्याच्या नावाने शिट्ट्या वाजतात. सीईओला मात्र चाहते आश्चर्य वाटावं इतकी सूट देतात. पहिले काही महिने तरी.

६६ पौंड

बेराडा जुलै २०२४ मध्ये रुजू झाला. स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून न्यूकॅसलकडून डॅन ॲशवर्थला आणलं होतं. कोच एरिक टेन हागचा करार त्याच महिन्यात वाढवला. ऑक्टोबरअखेरीस टेन हागला काढलं. डिसेंबरमध्ये, जेमतेम पाच महिन्यांत, ॲशवर्थही गेला. या सगळ्यांच्या जाण्यापायी क्लबच्या हिशेबात १.४५ कोटी पौंडांचा खर्च पडला.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे काटकसर. २०२४ च्या उन्हाळ्यात सुमारे २५० जणांच्या नोकऱ्या गेल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत आणखी २०० पर्यंत जातील असं जाहीर झालं. ओल्ड ट्रॅफर्डच्या कर्मचाऱ्यांचं मोफत जेवण बंद करून त्याऐवजी फळं ठेवली गेली. फर्ग्युसन यांचं सदिच्छादूत म्हणून मिळणारं मानधन थांबवायचं ठरलं. कॅरिंग्टनच्या सराव केंद्राचं नूतनीकरण सुरू झालं तेव्हा महिला संघाची इमारत पुरुष संघाला दिली आणि महिलांना तात्पुरत्या केबिनमध्ये हलवलं. हाच महिला संघ मे २०२४ मध्ये टॉटनहॅमला ४-० ने हरवून एफए कप घेऊन आला होता.

पण ठिणगी पडली ती तिकिटावरून. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस, हंगाम निम्म्यावर यायच्या आत, उरलेल्या सामन्यांची सदस्यांसाठीची तिकिटं सरसकट ६६ पौंड केली गेली. आपल्या हिशेबाने साधारण सात हजार रुपये. त्याआधी मोठ्यांना ४० पासून आणि मुलांना २५ पासून मिळत होती. सवलत बंद, आठ वर्षांच्या पोरालाही ६६ आणि निवृत्त आजोबांनाही ६६.

बहुतेक तिकिटं आधीच विकली गेली होती, त्यामुळे हा दर थोड्याच लोकांना लागू होता. म्हणूनच मला हा निर्णय जास्त न कळणारा वाटतो. मिळकत किरकोळ, आणि दुखावलं कोणाला, तर मुलाला पहिल्यांदा स्टेडियम दाखवायला नेणाऱ्या बापाला. त्यावर रॅटक्लिफ यांनी चाहत्यांच्याच एका मासिकाला सांगितलं की, युनायटेडचं तिकीट फुलहॅमसारख्या लंडनच्या छोट्या क्लबपेक्षा स्वस्त असण्यात अर्थ नाही. झालं, तेल ओतलं गेलं.

इथे लक्षात घ्या, सिटीकडून हुशार माणूस आणला म्हणून टाळ्या वाजवणारे आणि आता घोषणा देणारे तेच लोक आहेत. ते चंचल आहेत असं म्हणणं सोपं आहे. पण जानेवारीत त्यांच्यासमोर फक्त नाव होतं, नोव्हेंबरमध्ये दराचा कागद होता.

पण क्लब तोट्यात असेल तर सीईओने करायचं काय?

हा आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. २०२३-२४ मध्ये युनायटेडला ११.३२ कोटी पौंडांचा तोटा झाला. सलग पाच वर्षं तोटा होतोय, हे असं चालणार नाही, असं बेराडाने नोकरकपात जाहीर करताना सांगितलं, आणि ते खरं होतं. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांहून जास्त तोटा चालत नव्हता. अकादमी, महिला संघ, स्टेडियम यांवरचा खर्च त्यातून वगळला जात असे. मर्यादा ओलांडली तर गुण कापले जात. एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांना २०२३-२४ च्या हंगामात हा फटका बसला. म्हणजे खर्चाला कात्री लावणं ही सीईओची हौस नसते.

प्रश्न कात्री कुठे लावली याचा आहे. जेवण बंद करून वर्षाला दहा लाख पौंडांच्या आसपास वाचतील असं बातम्यांत आलं होतं. कोच आणि स्पोर्टिंग डायरेक्टर बदलण्यात त्याच्या चौदापट गेले. आणि ग्लेझरांच्या खरेदीपासूनच्या ६५ कोटी डॉलरच्या कर्जाला हात लागला नाही, तो सीईओच्या अखत्यारीत नाहीच. चाहत्यांना हिशेब कळत नाही असं नाही. त्यांना हा हिशेब तोंडपाठ आहे, अडचण तीच आहे.

‘आवडत नसेल तर सोडा की’

काहींनी खरंच सोडलं. २००५ मध्ये ग्लेझर आले तेव्हा युनायटेडच्या संतापलेल्या चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला, अगदी खालच्या लीगमध्ये. एक सदस्य, एक मत. २०१५ मध्ये त्यांनी आपलं छोटं स्टेडियमही उभं केलं. पण अशांची संख्या काही हजारांतच राहिली. बाकीचे राहिले आणि भांडत राहिले. २०१० मध्ये त्यांनी लाल-पांढऱ्याऐवजी हिरवे-पिवळे मफलर घालायला सुरुवात केली. ते रंग न्यूटन हीथचे, म्हणजे युनायटेडचं नाव पडण्याआधीच्या क्लबचे. क्लब आमचा आहे, तुम्ही नंतर आलात, हे न बोलता सांगण्याची ती रीत.

जिंकायला लागले की सगळे गप्प बसतील?

बऱ्याच अंशी हो. गिल यांच्या काळात तेच झालं. पण नेहमी नाही. टॉटनहॅमचे डॅनियल लेव्ही जवळपास २५ वर्षं क्लबचे सर्वेसर्वा होते. २०१९ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या सर्वोत्तम स्टेडियमांपैकी एक उभं केलं. मे २०२५ मध्ये बिल्बाओच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमने, योगायोग बघा, युनायटेडलाच १-० ने हरवून युरोपा लीग जिंकली. २००८ नंतरचा पहिला चषक. तरीही चार महिन्यांच्या आत, सप्टेंबरमध्ये, लेव्ही पायउतार झाले. ‘लेव्ही आऊट’चे फलक तोवर स्टेडियममध्ये कायमचे झाले होते.

उलट, जिंकूनही सीईओची खुर्ची जाते. मे २०२३ मध्ये जर्मनीतला बायर्न म्युनिक शेवटच्या दिवशी, शेवटच्या मिनिटांतल्या गोलवर लीग जिंकला आणि त्याच दिवशी सीईओ ऑलिव्हर कान यांना काढल्याची बातमी आली. बायर्नचे लाखो सदस्य आहेत, कंपनीचे ७५ टक्के शेअर त्यांच्या संस्थेकडे आहेत. तरी हा निर्णय झाला तो वरच्या मंडळाच्या बैठकीत. मतदानाचा हक्क आहे म्हणून प्रत्येक नेमणुकीला सदस्यांना विचारलं जातं, असं तिथेही नाही. पण त्यांचा आवाज पोचतो. जर्मन लीगने प्रसारण हक्कांत बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तेव्हा २०२४ च्या फेब्रुवारीत चाहत्यांनी मैदानांवर इतके टेनिस बॉल फेकले की सामने थांबवावे लागले, आणि त्याच महिन्यात लीगने तो बेत गुंडाळला.

अंधेरी, पुणे, गोवा

बेराडा ज्या समूहातून आला, त्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये आपल्या मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के शेअर घेतले होते. पुढे क्लबने इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) दोनदा साखळीत पहिलं येण्याची लीग शील्ड आणि दोनदा चषक जिंकला. डिसेंबर २०२५ मध्ये, आयएसएलचंच भवितव्य टांगणीला लागलेलं असताना, तो समूह मुंबईतून बाहेर पडला. अंधेरीच्या स्टेडियममध्ये ढोल बडवणाऱ्या वेस्ट ब्लॉक ब्लूजच्या पोरांना ना येताना कोणी विचारलं होतं, ना जाताना. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला तेव्हाही तसंच. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे गोव्याचे क्लब आय-लीग या देशातल्या दुसऱ्या लीगमधून बाहेर पडले, तो निर्णयही वरचाच.

इंग्लंडमध्ये आता थोडं बदलतंय. २०२५ च्या जुलैमध्ये तिथे फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. मालक आणि वरिष्ठ अधिकारी पात्र आहेत का, याची तपासणी हा नियामक करणार. चाहत्यांशी नियमित सल्लामसलत क्लबांना बंधनकारक असेल, आणि त्या चर्चेच्या विषयांत तिकिटाचे दरही आहेत. सीईओ कोण असावा, हा विषय मात्र त्यात नाही. तो अजूनही मालकाच्या दिवाणखान्यातच ठरणार.